चोविसावी सही

गेन्का व्होयनोव्हाच्या घरात उत्तरेच्या भिंतीवर दर हिवाळ्यात काळी बुरशी धरायची. सकाळी उठल्याबरोबर, कॉफीच्याही आधी, ती फडकं व्हिनेगरात बुडवून भिंत पुसून काढायची. दुसऱ्या सकाळी बुरशी परत हजर. "आलीस का सटवे?" असं गेन्का तिला विचारायचीसुद्धा. हसू नका. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. गेन्काचं गारठत होतं, एवढाच फरक.

त्या भिंतीला लागून तिच्या नवऱ्याची खाट होती. ल्युबेनने पेर्निकच्या खाणीत तीस वर्षं कोळसा काढला आणि त्यातला थोडा छातीत घेऊन तो घरी आला. "सगळ्या देशाला ऊब दिली मी, थंडी तेवढी स्वतःला ठेवली," असं तो म्हणायचा, आणि एवढं वाक्य बोलायला त्याला मध्ये दोनदा थांबावं लागायचं. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी नोव्हेंबरात गेन्काला बाहेर बोलावून सांगितलं होतं, "गोळ्या मी देते, पण कोरडी, उबदार खोली मला चिठ्ठीवर लिहून देता येत नाही. ती मिळाली तर अजून बरीच वर्षं काढतील. या ओलीत एखादा हिवाळा. फार तर दोन."

तेव्हापासून गेन्काला जगात दुसरं काही सुचत नव्हतं.

इमारत सहा मजल्यांची, चोवीस घरांची, सिमेंटच्या तयार भिंती एकीला एक जोडून चाळीस वर्षांपूर्वी उभी केलेली. ज्याचा हात जरा सैल झाला त्याने आपल्या घरापुरता बाहेरून फोम चिकटवून घेतला होता, तोही आपल्या आवडीच्या रंगात. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर एक चौकोन पिवळा, चौथ्यावर एक जांभळा, बाकी सगळं उघडं सिमेंट. लांबून पाहिलं की ठिगळांची गोधडी वाळत घातल्यासारखी दिसायची. गेन्काचं घर सहाव्या मजल्यावर, कोपऱ्यात. डोक्यावर गच्ची, दोन बाजूंना वारा आणि घरात हीटर एकच.

गेल्या वसंतात नगरपालिकेने पुस्तिका वाटली होती. अख्ख्या इमारतीला बाहेरून फोमचं आवरण, नव्या खिडक्या, खाली नवं दार, गच्चीवर जिन्यातल्या दिव्यांसाठी सौर पॅनेल, आणि हे सगळं सरकारच्या खर्चाने. अट एकच होती: झाडून सगळ्या मालकांची सही. एक जरी कमी पडली तरी अर्ज बाद. बाकीच्यांनी त्या पुस्तिकेवर कॉफीचे पेले ठेवले. गेन्काने ती पाठ केली. तरुणपणी पोलादाच्या कारखान्यात तिने क्रेन चालवली होती, उंचावर बसून खालच्या पुरुषांना ओरडायची सवय होती, म्हणून इमारतीचा कारभार तसाही तिच्याच गळ्यात पडला होता. नगरपालिकेचा इंजिनियर एका थंड सकाळी उष्णतेचा फोटो काढणारा कॅमेरा घेऊन आला. फोटोत इमारत निळी दिसत होती आणि गेन्काचा कोपरा लालबुंद.

"बाई, तुम्ही घर कुठं तापवताय?" तो म्हणाला. "तुम्ही आभाळ तापवताय."

तो फोटो गेन्काने फ्रिजवर चिकटवला आणि वही काखेत मारून जिने चढायला-उतरायला लागली.

सह्या गोळा करताना तिच्या नाकी नऊ आले. पहिल्या मजल्यावरच्या पराश्केवा आजींचं म्हणणं, भिंतीला फोम लावला की घराचा श्वास कोंडतो आणि माणूस झोपेतच जातो. "आजी, तुम्ही ब्याण्णव वर्षांच्या आहात, तुमचा श्वास कशानेच कोंडत नाही," असं म्हणून गेन्काने तिसऱ्या खेपेला सही मिळवली. जांभळ्या चौकोनाच्या मालकाला आपला जांभळा जाईल याचं दुःख. दोयचिन स्पेनमध्ये भिंती रंगवायला गेलेला, त्याची सही टपालाने यायला दोन महिने लागले, आणि आली तेव्हा त्यावर चीजचा डाग होता. दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण घर दोघांच्या नावावर. त्यांच्या सह्या तिने एकाला स्वयंपाकघरात आणि एकाला बाल्कनीत उभं करून घेतल्या. असं करत जानेवारीपर्यंत तेवीस घरं झाली.

चोविसावं घर स्तामेनचं. बरोबर गेन्काच्या खाली, पाचव्या मजल्यावर. त्याला सगळे बाय स्तामेन म्हणत. आपल्याकडे बाय म्हटलं की लुगडं डोळ्यांपुढे येतं; तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला तसं म्हणतात, त्याला इलाज नाही. हा माणूस शब्दाचा पक्का. त्याची बायको वेर्का आणि गेन्का तीस वर्षं दर सप्टेंबरात अंगणात चूल मांडून मिरच्या भाजत आल्या होत्या, हिवाळ्याच्या बरण्या भरत आल्या होत्या. गेल्या जुलैत वेर्का गेली. तरी स्तामेनने गेन्काला सांगितलं होतं, "माझी सही धरूनच चाल, गेन्के. आधी त्या बाकीच्या गाढवांचं बघ." गेन्का धरून चालली. तिथंच चुकलं असं नाही, पण तिथूनच सुरू झालं.

आता त्या दाराबद्दल सांगायला हवं. इमारतीचं खालचं दार म्हणजे सगळ्यांचं तोंड. कुणी गेलं की त्याच्या फोटोचा, काळ्या चौकटीचा कागद त्या दारावर लागतो. चाळीस दिवसांनी पुन्हा एक, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. फोटो तोच, तारीख नवी, खाली स्मरणाची जागा आणि वेळ. हे कागद कुणी फाडत नाही. वारा नेईल तेव्हा नेईल. पण दिवस उलटून गेला की त्यावर दुसरा कागद चिकटवायला हरकत नसते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: स्मरणाला तोंडाने कुणाला बोलावत नाहीत. बोलावणं हा अपशकुन. दारावरचा कागद हेच बोलावणं. ज्याला यायचं तो वाचून येतो.

इमारतीच्या सभेचंही तसंच. सात दिवस आधी नोटीस दारावर लावायची, तीही ठळक जागी, असं पुस्तिकेत अकराव्या पानावर लिहिलेलं. तर जानेवारीच्या एका सोमवारी गेन्का कागद आणि खळ घेऊन खाली आली. बाहेर उणे चौदा. चष्म्यावर वाफ धरली म्हणून तिने तो खिशात टाकला. वर ल्युबेनला एकटं टाकून आली होती, त्यामुळे घाई. दार वरपासून खालपर्यंत मेलेल्यांनी भरलेलं. मध्यावर वेर्काचा फोटो दिसला. हा ऑगस्टातला, चाळीस दिवसांचा, असं गेन्का मनात म्हणाली, "जरा सरक गं, वेर्के," असंही म्हणाली, आणि खळ लावून नोटीस तिच्यावर चिकटवली.

पुढच्या सोमवारी सभा जिन्यातच झाली, खुर्च्या कोण आणणार. स्तामेन मागे भिंतीला टेकून उभा होता. अंगात काळा कोट, दाढी वाढलेली. आठवडाभर तो वेर्काच्या गावी गेला होता एवढंच गेन्काला माहीत होतं. ठराव वाचून झाला, गेन्काने वही त्याच्यापुढे धरली आणि हसून म्हणाली, "घ्या बाय स्तामेन, तेवढी चोविसावी करा, म्हणजे घोडं गंगेत न्हालं."

स्तामेनने वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मी सही करणार नाही," तो म्हणाला, आणि जिना चढून गेला.

गेन्काला वाटलं, थट्टा. मग वाटलं, म्हाताऱ्याला बरं नसेल. मंगळवारी ती दार वाजवून आली, आतून रेडिओ ऐकू येत होता, दार उघडलं नाही. बुधवारी त्याने उघडलं, पण साखळी लावूनच.

"काय चुकलं माझं? सांगा तरी," गेन्का म्हणाली.

"तुझी अक्कल चुकली असेल, शोध."

"बाय स्तामेन, शुक्रवारी बाराला नगरपालिकेची यादी बंद होते. तुम्हाला ल्युबेनची खोकल्याची उबळ खालपर्यंत ऐकू येते ना? त्याच्यासाठी तरी. मी पदर पसरते तुमच्यापुढे."

"ऐकू येते," स्तामेन म्हणाला. "रात्रंदिवस ऐकू येते. मला वेर्काचं काहीच ऐकू येत नाही." आणि दार लावून घेतलं.

गेन्का जिन्यातच बसली आणि ढसाढसा रडली. खरं सांगायचं तर मला तिचा रागच येतो या ठिकाणी. एवढी हुशार बाई, अकरावं पान पाठ, आणि समोरच्या माणसाने वेर्काचं नाव घेतल्यावरही तिला काही सुचू नये. पण बुडणाऱ्याला काठावरचं झाड दिसत नाही. तिला फक्त वही दिसत होती. त्या संध्याकाळी ल्युबेनचे ओठ निळे झाले. तिने हीटर खाटेपाशी ओढला, आपला कोट त्याच्या पांघरुणावर घातला, आणि मागच्या भिंतीला हात लावून पाहिला तर भिंत ओली, हाताला पाणी लागलं.

"नको एवढं मनाला लावून घेऊ," ल्युबेन म्हणाला. थांबला. "खाणीत याहून... वाईट होतं."

"खाणीत तू एकोणतीस वर्षांचा होतास, गप बस."

गुरुवारी सभेचा वृत्तान्त दारावर लावायचा होता, तोही नियम. गेन्का खाली गेली, चष्मा लावूनच गेली, आणि जुनी नोटीस काढायला तिने कोपऱ्याला नख घातलं. थंडीने खळ आखडली होती, कागद एकसंध सुटून आला. खाली वेर्का होती. पांढऱ्याशुभ्र, नव्याकोऱ्या कागदावर. "सहा महिने आमच्या वेर्काविना." तारीख गेल्या शनिवारची. सकाळी अकरा, गावची स्मशानभूमी.

तो ऑगस्टातला कागद नव्हताच. स्तामेनने त्याच सोमवारी पहाटे लावला होता आणि पहिली बस धरून गावाला गेला होता, बायकोच्या थडग्याची जागा झाडायला, स्मरणाला वाटायचा गहू शिजवायला. दोन तासांनी गेन्काने येऊन वेर्काच्या तोंडावर नोटीस डकवली होती. विषय पहिला: बाहेरच्या भिंतींना आवरण घालणे.

कुणी गेलं असेल का शनिवारी? तिने डोळ्यांपुढे एकेक घर आणलं. कुणी गेलं नव्हतं. कुणाला कळणार कसं? आणि ती स्वतः? तीस वर्षं दर सप्टेंबरात जिच्याबरोबर मिरच्या भाजल्या तिचे सहा महिने कधी भरतात हे मोजायला तिला दारावरचा कागद लागावा, याची तिला जी लाज वाटली ती आयुष्यात कशाची वाटली नव्हती.

ती पाचव्या मजल्यावर गेली. हातात ती सोलून काढलेली नोटीस, वही नाही. स्तामेनने दार उघडलं, कागद पाहिला आणि साखळी काढली.

"मला वाटलं, तो चाळीस दिवसांचा," गेन्का म्हणाली. "चष्मा नव्हता. बाय स्तामेन, मला वाटलं तो जुना."

"तिसेक माणसांचा गहू शिजवला होता," स्तामेन म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "वर अक्रोड घातले, साखर पेरली, तिला आवडायची तशी. अकराला पाद्री येऊन प्रार्थना म्हणून गेला. मी एकपर्यंत उभा राहिलो. बस उशिरा येत असेल म्हटलं. मग दुसरी बस आली, त्यातूनही कुणी उतरलं नाही. म्हटलं, बघ वेर्के, एवढ्या लोकांचे डबे भरलेस, एवढ्यांची पोरं सांभाळलीस. परत आलो तर दारावर तुझी नोटीस, गेन्के, आणि तिच्या वर वेर्काचे केस तेवढे दिसत होते."

"तेव्हाच का नाही बोललात? चार शिव्या घालायच्या होत्या."

"काय बोलू? माझ्या बायकोच्या स्मरणाला या, असं दार वाजवून सांगू? असं करतात?"

गेन्काने सहीचं नाव काढलं नाही. वर आली, गहू निवडला, भिजत घातला. ल्युबेनने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

"जा," तो म्हणाला. "उद्या जा तिच्याकडे."

"उद्या शुक्रवार आहे. बाराला..."

"माहितेय मला बाराला काय आहे. जा."

शुक्रवारी सकाळी ती गव्हाचा डबा आणि लाल वाइनची बाटली घेऊन बसमध्ये बसली. बस नगरपालिकेवरूनच गेली. दारात फायली काखेत घेतलेली माणसं रांग लावून उभी होती. गेन्काने मान दुसरीकडे वळवली. हातातोंडाशी आलेला घास होता तो, आणि तो तिने स्वतःच्याच हाताने घालवला होता. आता निदान हात तरी धुवावेत, एवढंच तिच्या मनात होतं. गावात गुडघाभर बर्फ होता. वेर्काच्या जागेभोवतीच स्तामेनने झाडलेलं तेवढं मोकळं होतं. तिने वाइन ओतली, गहू ठेवला, मेणबत्ती चार वेळा विझली. "वेर्के," ती म्हणाली, "मी तुला सरक म्हटलं. मला माफ नको करूस, पण त्याला सांग, माझ्यावरचा राग ल्युबेनवर काढू नको." मग तिला आपल्या बोलण्यातही सहीच आली याचा संताप आला, आणि ती तिथंच बर्फात उभी राहून स्वतःच्या तोंडावर हात दाबून रडली.

ती दोनला परतली. पाचव्या मजल्यावर स्तामेनचं दार सताड उघडं होतं आणि आत, स्तामेनच्या खुर्चीत, घोंगडीत गुंडाळलेला ल्युबेन बसला होता. नोव्हेंबरापासून तो घराच्या उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. एक मजला उतरायला त्याला वीस मिनिटं लागली होती, वही छातीशी धरून, दर पायरीवर थांबत.

"काय बोललास त्याला?" गेन्काने विचारलं.

"काही नाही. श्वासच नव्हता." ल्युबेन थांबला. "तोच म्हणाला, गेन्का कुठाय? मी म्हटलं... वेर्काकडे."

एवढ्यात जिन्यात पावलं वाजली. स्तामेन आला, कोटावर बर्फ, हातात नगरपालिकेच्या शिक्क्याची पावती. सव्वाअकराला सही करून तो स्वतःच वही घेऊन गेला होता. खिडकीवरच्या बाईने बाराला चार मिनिटं कमी असताना शिक्का मारला. पावती त्याने ल्युबेनच्या मांडीवर ठेवली. गेन्का त्याच्या पाया पडायला वाकली, तर तो खेकसला, "ऊठ. नाटकं नकोत. डब्यात गहू उरलाय का?"

तिघांनी तो चमच्याने खाल्ला.

इथंच संपवता आलं असतं तर मलाही आवडलं असतं. पण सरकारी रांग ती सरकारी रांग. इमारतीचा नंबर यादीत एकेचाळिसावा लागला. तो उन्हाळा गेला, शरद गेला, एकाही माणसाने येऊन भिंतीला हात लावला नाही. गेन्का दर आठवड्याला नगरपालिकेच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची, आणि खिडकीवरची बाई ती दिसली की आधीच मान खाली घालायची. दुसरा हिवाळा आला. डॉक्टरीणबाई फार तर दोन म्हणाल्या होत्या. फेब्रुवारीत, एका सकाळी, गेन्का भिंत पुसत असताना मागचा श्वासांचा आवाज थांबला. ती फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली, वळली नाही, कारण वळेपर्यंत तो होता. चार खाणकामगारांनी त्याला सहा मजले खाली नेलं.

परांच्या उभारायला माणसं आली ती त्यानंतरच्या फेब्रुवारीत, नेमकी ल्युबेनच्या वर्षाच्या आदल्या दिवशी. मुकादमाने गेन्काच्या हातात नोटीस ठेवली: सोमवारपासून काम सुरू, खिडक्या बंद ठेवाव्यात, दारावर ठळक जागी लावणे. ती खळ घेऊन खाली गेली. दाराच्या मध्यावर ल्युबेनचा कागद होता, वर्षाचा, तिनेच आठवड्यापूर्वी लावलेला. आजूबाजूला बोटभर जागा नव्हती. ती ब्रश हातात धरून त्याच्या फोटोकडे पाहत राहिली. खळ ब्रशवरच गोठली.

मागून स्तामेन आला. त्याने तिच्या हातातली नोटीस काढून घेतली आणि जिना चढायला लागला. दुखरे गुडघे, कठडा धरून, एकेक पायरी. वर दारं वाजत राहिली, मजल्यामागून मजला. तासाभराने त्याने सहाव्या मजल्यावर गेन्काचं दार वाजवलं. ती दार उघडून उभी राहिली. स्तामेनने चष्मा नीट केला, नोटीस डोळ्यांपुढे धरली आणि तिलाच वाचून दाखवली.

"सोमवारपासून काम सुरू. खिडक्या बंद ठेवाव्यात."

"आता कुणासाठी, बाय स्तामेन?" गेन्का म्हणाली. "मला एकटीला काय करायचीय ती गरम भिंत?"

स्तामेनने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. त्याला दम लागला होता.

"ते मी सगळ्यांना नंतर सांगितलं," तो म्हणाला. "आधी सांगितलं, उद्या अकरा वाजता ल्युबेनच्या वर्षाला या. बावीस घरं झाली. दोयचिनला स्पेनला फोन केला, तो म्हणाला मेणबत्ती लावतो. ते दोघे भाऊ येतायत, वेगवेगळ्या बसने. पराश्केवा आजींना खाली उतरवायला लागेल."

"पण असं तोंडाने बोलावत नाहीत," गेन्का म्हणाली.

"नाहीत बोलावत," स्तामेन म्हणाला. "म्हणून तर माझ्या वेर्काकडे कुणी आलं नाही." आणि मग, जिन्याकडे वळता वळता: "सही कुणाची घेतली नाही, गेन्के. येतो म्हणाले सगळे. तू गहू जास्त भिजव."